न जगलेल्या वर्षांविषयी

प्रिय ढगोबा,

माझ्या हातचं अक्षर तू पहिल्यांदाच पाहतो आहेस. वाईट आहे, चालवून घे. दिवसभर मेणात दात बसवणाऱ्या बाईचं अक्षर तरी एका ओळीत असेल असं लोकांना वाटतं, पण कागदावर माझी अक्षरं अक्कलदाढेसारखी येतात, वाटेल तिथून आणि वाटेल तशी तिरपी. लॅबला आज अर्धी सुट्टी होती. दुपारचे चार वाजलेत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ऊन आडवं पडलंय, आणि आतल्या खोलीत लेक आरशासमोर स्वतःचे केस स्वतः कापते आहे. मला आत जायची बंदी आहे. कात्रीचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत कात्री. सतरा वर्षांची झाली ती. तू तिला पंधराची म्हणून ओळखतोस.

सकाळी साडेआठ वाजले की मला अजून तुझी आठवण होते. आकाशाचे मनातल्या मनात आठ सारखे भाग करायचे, त्यांतले किती ढगांनी झाकलेत ते हवामान केंद्रावरच्या वहीत लिहायचं, हे तुझं काम. आणि ते झालं की तोच आकडा तू मला पाठवायचास. ‘आज पाच.’ ‘आज दोन, तेही विरळ.’ एकदा नुसतंच, ‘आठ. कुठेच फट नाही.’ मी तेव्हा बसच्या रांगेत उभी असायचे. मान वर करून माझ्या डोक्यावरचं आकाश मोजायचे आणि तुझ्या आकड्याशी ताडून बघायचे. तुझ्याकडचा वारा माझ्याकडे पोचायला अर्धा दिवस लागतो, असं तू एकदा म्हणालास. तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत लॅबच्या खिडकीतून जे ढग दिसायचे ते मी तुझेच धरून चालले. हातात कुणाची तरी कवळी, बोटांना मेणाचा वास, आणि समोरून तुझा सकाळचा ढग सावकाश चाललेला. खरं सांगते, त्या दिवसांत मी जमिनीवर फारशी नव्हतेच.

तू गटात आलास तेव्हा तुझ्या दादाला जाऊन नऊ आठवडे झाले होते. मी तुझ्या आठवडाभर आधी आले होते. ज्यांचं माणूस अचानक गेलं अशांचा तो ऑनलाइन गट, आणि नियम इतके शाळेसारखे की आपण ते चालवणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना मॉनिटरबाई म्हणायला लागलो. खरं नाव सांगायचं नाही, टोपणनाव घ्यायचं. ज्यांच्या दुःखाला दोन वर्षं उलटली ते सोबती. नव्या माणसाला एक सोबती मिळणार, आठवड्यातून एक तास, तिथेच, गटाच्या खिडकीत. फोन नंबर द्यायचा नाही. कुणी जगणं नकोसं झाल्यासारखं लिहिलं तर ते पोटात ठेवायचं नाही, त्याच क्षणी बाईंना कळवायचं. मी माझ्या माहितीत लिहिलं होतं: ‘बत्तीशी. दातांच्या लॅबमध्ये काम करते. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली. आता बरी आहे, कुणाच्या उपयोगी पडावं असं वाटतं.’ बाईंनी माझ्या पदरात तुला टाकलं.

पहिले दोन महिने मी नियमाने वागले. गुरुवारी पाच ते सहा. बारा वर्षांचा होतास तेव्हापासून दादाने तुला कसं वाढवलं, तुझ्या शाळेच्या शर्टाची बटणं त्याने कशी आतल्या बाजूने शिवली, केंद्रावरची नोकरी त्याच्यामुळे कशी लागली, आणि एका साध्या सकाळी रस्ता ओलांडताना तो कसा गेला, हे तू तुकड्यातुकड्याने लिहायचास. मी वाचायचे आणि मला वाटायचं, अरे, मला हे ऐकता येतंय. एरवी घरात मला साधी दाराची घंटा ऐकू यायची नाही. तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी सहा वाजले आणि तुझं वाक्य अर्धवट राहिलं. मी तुला माझा नंबर दिला. इतकं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा पहिला आकडा आला, तीन.

मग तू विचारायला लागलास. ‘ताई, पुढे काय होतं गं? तू या वाटेने सहा वर्षं पुढे गेलीयस. जरा मागे वळून सांग ना.’ आणि मी सांगायचे. दुसऱ्या वर्षी कपाट उघडता येतं, कपड्यांना हात लावता येतो. तिसऱ्या वर्षी एक दिवस असा येतो की संध्याकाळपर्यंत माणसाची आठवणच होत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही, उलट हलकं वाटतं. चौथ्या वर्षी तो स्वप्नात येतो तेव्हा पाठमोरा नसतो. पाचव्या वर्षी त्याचं नाव तोंडातून सहज निघून जातं, आपल्यालाच नंतर कळतं. सहाव्या वर्षी, मी लिहिलं होतं, दुःख घरातल्या जुन्या कपाटासारखं होतं. असतं तिथेच, पण त्याला आपटत नाही आपण. तू ते सगळं वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतोस, असं म्हणालास. एकदा लिहिलंस की वाईट दिवस आला की तू ती पानं उघडतोस आणि आपण कुठवर आलो ते बोटाने बघतोस. ते वाचून मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी एका आजोबांच्या कवळीत दोन्ही सुळे एकाच बाजूला बसवले. डॉक्टरांचा फोन आला, पेशंट हसला की चोरासारखा दिसतोय म्हणून.

माझं काम असं की ज्यांच्यासाठी ते करते त्यांना मी कधी बघत नाही. दवाखान्यातून तोंडाचा ठसा येतो, मी त्यात प्लास्टर ओतते, घट्ट झालं की एक अनोळखी जबडा माझ्या टेबलावर आ करून बसतो. त्याची कोणती दाढ झिजलीय, तो कुठल्या बाजूने चावतो, सगळं मला पाठ. तो रस्त्यात समोरून आला तर मात्र ओळखणार नाही. तुझं नि माझं तसंच झालं होतं, असं मी मनाशी म्हणायचे, आणि मला ते सुंदर वाटायचं. त्यातली गोम माझ्या लक्षात यायला पाहिजे होती. जबडा परत प्रश्न विचारत नाही.

हळूहळू एक तासाचा अख्खा दिवस झाला. नळाखाली भांडी धरलेली असायची आणि ओल्या बोटाने मी तुला उत्तर देत असायचे. तू ‘आहेस?’ असं विचारलंस आणि पाच मिनिटांत मी ‘आहे’ म्हटलं नाही, तर तू पुन्हा विचारायचास, आणि मला ते ओझं वाटायचं नाही. कुणाला तरी पाच मिनिटंही आपल्यावाचून निघत नाहीत, याची चटक लागते रे. तू बाहेर पडावंस, केंद्रावरच्या सहकाऱ्याशी बोलावंस, वहिनींकडे जेवायला जावंस, डॉक्टरांना भेटावंस, हे मी तुला सुचवायला हवं होतं. एकदा तू स्वतःच म्हणालास, ‘वहिनी म्हणते एखाद्या डॉक्टरांशी बोल.’ मी काय लिहिलं आठवतं? ‘बघ, तुला गरज वाटत असेल तर.’ दिसायला किती समजूतदार वाक्य. त्याच्या आत बसून मी तुझा हात घट्ट धरला होता.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी जेवायला बसले होते. लेक समोर. माझा फोन ताटाशेजारी, नेहमीसारखा. तो थरथरला, मी उचलला, तर मेसेज तुझा नव्हता, तिचा होता. टेबलाच्या पलीकडून पाठवलेला. ‘तुमच्या त्या गटात यायला वय किती लागतं? मलाही बोलायला एक बाई हवी आहे.’ मी मान वर केली. ती ताटात बघत जेवत होती, घास नीट चावून. मला काहीतरी बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला, या वेळी तू होतास, आणि मी खाली बघितलं. फक्त एकदा, डोळ्याचं पातं लवेल इतकंच. पुन्हा वर बघितलं तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती आणि ताट नळाखाली धुतलं जात होतं.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. माझ्या घरातलं मी तुला काहीच सांगत नसे, तुझ्या लक्षात आलं होतं का? लेक मजेत, काम छान, तब्येत ठणठणीत. सहा वर्षं झालेल्या बाईला असंच असायला हवं ना.

आता त्या बुधवारचं. तू त्याबद्दल कुणाशी किती बोलला असशील मला माहीत नाही, म्हणून माझ्या बाजूने जे झालं तेवढंच लिहिते. लॅबमध्ये प्लास्टरची भुकटी उडते, त्यामुळे फोन कपाटात ठेवून कामाला बसायचं. सकाळी तुझा आकडा आला नव्हता. मी कपाट बंद करताना मनात म्हटलं, उशीर झाला असेल. दीड वाजता जेवायच्या सुट्टीत उघडलं तर तुझे सव्वीस मेसेज. पहिला नऊ पन्नासचा: ‘आज रीडिंग घेतलं नाही.’ मग, ‘ताई आहेस?’ मग तेच, पुन्हा पुन्हा. मग, ‘सगळं आवरून ठेवलंय. वही वहिनीला दे म्हणून लिहून ठेवलंय.’ शेवटचा अकरा वीसचा होता. त्यानंतर काही नाही. मी फोन लावला. वाजत राहिला.

त्या क्षणी बाईंना कळवायचं, हा नियम मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. मी बारा मिनिटं कळवलं नाही. ती बारा मिनिटं मी कपाटाच्या दाराला टेकून उभी होते, हातावरचं प्लास्टर वाळून ताणत होतं, आणि मी हिशेब करत होते की बाईंना सांगितलं तर नंबर दिल्याचं सांगावं लागेल, आणि एकदा ते निघालं की बाकीचंही निघेल. तू जिवंत आहेस की नाहीस हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी माझी लाज सांभाळत होते. हे तुला दुसऱ्या कुणी सांगणार नाही. कुणाला माहीतच नाही. म्हणून मी सांगते आहे.

मग लावला फोन. बाई एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत. ‘तू फोन ठेवू नकोस, मी दुसऱ्या फोनवरून बघते,’ म्हणाल्या. तुझ्या अर्जावर वहिनींचा नंबर होता. वहिनी वीस मिनिटांत पोचल्या, केंद्रावरच्या तुझ्या सहकाऱ्याने दार उघडलं, आणि तू उपकरणांच्या खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसलेला होतास. सुखरूप. बाईंनी ते सांगितलं तेव्हा माझा रडका आवाज ऐकून त्या म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं दवाखान्यात काढली मी. तुझं हे रडणं ताजं आहे. तुझा नवरा नक्की कधी गेला?’

ढगोबा, मी गटात आले तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले होते.

सहा वर्षं नव्हे. आठ महिने. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका सकाळी कामाला निघाला, बस थांब्याच्या बाकावर बसला आणि उठलाच नाही. त्याची बस आली, गेली, दुसरी आली, आणि तिसऱ्या बसच्या ड्रायव्हरला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आठ महिने झालेली बाई गटात आली असती तर तिला सोबती मिळाला असता. कुणीतरी विचारलं असतं, कशी आहेस. त्या प्रश्नाची मला इतकी धास्ती होती की मी एका वाक्यात सहा वर्षं पुढे उडी मारली आणि तिथे जाऊन बसले. तुला मी जी वर्षं सांगितली त्यांतलं एकही मी जगलेली नव्हते. बसच्या रांगेत उभी राहून, आकाशाकडे बघत मी ती रचायचे. असं व्हावं, असं मला वाटायचं, तसं मी तुला झालं म्हणून सांगायचे. खोटं बोलतेय असं त्या वेळी कधी वाटलं नाही. आपण दोघं मिळून एखादं स्वप्न बघतोय, आणि त्यात मी दोन पावलं पुढे आहे, इतकंच वाटायचं.

दवाखान्यातून तुझा एक मेसेज आला. ‘तू मला परस्पर सोपवून दिलंस. सहा वर्षांनी माणूस असा होत असेल तर मला सहावं वर्ष नको.’ मी उत्तर दिलं नाही. बाईंनी तसं बजावलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. तुझ्याभोवती तेव्हा डॉक्टर होते, वहिनी होत्या, खरी माणसं होती. माझ्या एका ओळीने तू त्यांच्याकडे पाठ फिरवली असतीस. पण एवढं आज सांगते. तुला सोपवून दिलं ही मी तुझ्यासाठी केलेली एकमेव धड गोष्ट होती. ती नऊ-दहा महिने आधीच करायला हवी होती.

सोबती म्हणून माझं नाव काढलं. मी आता एका समुपदेशकबाईंकडे जाते. त्यांच्या खोलीत एक घड्याळ आहे, आणि पाऊण तास झाला की माझं वाक्य अर्धं असलं तरी त्या उठतात. पहिल्यांदा मला ते फार लागलं. आता मला ते आवडतं. त्या माझ्यानंतर घरी जातात, त्यांचं जेवण जेवतात, आणि पुढच्या आठवड्यात तेवढ्याच ताज्या समोर बसतात. मला हे जमलं असतं तर तुलाही मी पुरले असते. लेकीशी बोलायलाही मी तिथेच शिकले. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, ‘आई, मला तुझं ऐकून घ्यायचं नाहीये. तू माझं ऐक.’ मी ऐकलं. तीन संध्याकाळी लागल्या. तिला वडिलांचा राग आला होता, आणि माझा त्याहून जास्त.

गेल्या महिन्यात माझी तीन वर्षं पूर्ण झाली. खरी तीन. तेव्हा मी तुला सांगितलेलं एकेक आठवून बघितलं. कपाट मला दुसऱ्या वर्षीही उघडता आलं नाही; लेकीने उघडलं, त्याचा राखाडी स्वेटर काढला आणि शाळेत घालून गेली. संध्याकाळपर्यंत आठवण न आल्याचा दिवस आला खरा. पण हलकं वगैरे काही वाटलं नाही. मी बसमध्ये होते, एकदम लक्षात आलं, आणि मी दोन थांबे आधीच उतरून चालत घरी आले, कारण मला बसून राहवेना. स्वप्नात तो पाठमोरा कधीच नव्हता. समोर येतो आणि विचारतो, स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवलास. मी सांगते. एवढंच असतं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षी काय होतं, मला काहीही कल्पना नाही.

परवा बाईंचा फोन आला. तू बरा आहेस, वहिनींच्या शेजारी राहायला गेलास, औषधं नियमित घेतोस, हे त्यांच्याकडून कळलं. मग त्या म्हणाल्या की दोन वर्षं उलटल्यामुळे तू सोबती होण्यासाठी अर्ज केला आहेस, आणि येत्या सोमवारी तुला पहिला माणूस मिळणार आहे. तुझ्या परवानगीने त्यांनी मला अर्जातलं एक वाक्य वाचून दाखवलं. ‘एका ताईने मला सहा वर्षांचा रस्ता सांगितला होता. तिच्यावर मी रागावलो, पण तो रस्ता खरा होता. तोच मी पुढच्याला सांगेन.’ बाईंनी विचारलं, ‘हे त्याला मी सांगू की तू?’ म्हणून हे पत्र. त्यांच्याच हाती पाठवते आहे, आणि ते शनिवारपर्यंत तुला मिळेल असं त्यांनी कबूल केलंय. सोमवारी जो येईल तो तुला विचारेलच, पुढे काय होतं म्हणून. ती पानं त्याला देऊ नकोस. तुझी अडीच वर्षं आहेत, ती सांग. त्यातली उपकरणांच्या खोलीतली सकाळही सांग, आणि नंतर कुणी कुणी तुला धरलं तेही. त्याच्या पुढचं विचारलं तर माहीत नाही म्हण. तास संपला की उठ. त्याने तुझ्यावाचून चालत नाही असं लिहिलं आणि तुला ते वाचून बरं वाटलं, तर त्याच दिवशी बाईंना फोन कर. मी ‘माफ कर’ असं लिहिणार होते, पण मग पुन्हा काहीतरी तूच मला द्यायचं, असं झालं असतं. नको. तू नुसतं वाच, आणि रागाव हवं तर. आता मी एकटी नाही, मला तुझा राग झेपेल.

तुझीच,
बत्तीशी